तिखटाच्या कोंबड्या

कोंबड्या मी पाळायला आणल्या नव्हत्या. त्या कापायला आल्या होत्या.

उन्हाळा सरता सरता वडील गेले. तेरावं झालं. आमच्यात तेराव्याच्या गोड जेवणानंतर काही दिवसांनी एक तिखट जेवण असतं, तिखट म्हणजे मासमच्छी. सुनेच्या माहेरची माणसं कोंबड्या घेऊन येतात, रस्सा करतात, आणि घरचे नि भावकीतले एका पंगतीला बसून तो खातात. त्यानंतर घरात पुन्हा मासे शिजू लागतात, लोक पुन्हा लग्नाकार्याला बोलावू लागतात. ते जेवण होईपर्यंत सुतक फिटलं असं कोणी म्हणत नाही.

माझा मेहुणा उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात आहे. जेवणाच्या आदल्या दिवशी स्कूटरच्या हँडलला तीन कोंबड्या उलट्या टांगून तो खरवईला आमच्या बिल्डिंगखाली आला.

“भाऊजी, गावठी आहेत,” तो म्हणाला. “आमच्याकडे उल्हासनगर कॅम्पात टेम्पोवाला उभा होता, त्याच्याकडून निवडून घेतल्या. म्हाताऱ्या बघून घेतल्या मुद्दाम. रस्सा बघा उद्या कसा होतो.”

“लाल दिसल्या म्हणजे गावठी का रे?” माझी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

“ताई, तू मसाला भाज. कोंबडीचं मला शिकवू नको.”

कोंबड्या इतका वेळ उलट्या लोंबत होत्या, पण आवाज करत नव्हत्या. मला तेव्हा ते बरं वाटलं. गलका नको होता.

संध्याकाळी गावाहून फोन आला. वडिलांचे चुलत भाऊ वारले. एकच भावकी, म्हणजे आम्हाला पुन्हा सुतक. दुसऱ्या दिवशीचं जेवण रद्द झालं आणि आमच्याकडे यायची माणसं तिकडे गेली. मेहुण्याने कोंबड्यांचे पाय सोडले, आमच्या मागच्या मोकळ्या पट्टीत त्या पाटीखाली डालून ठेवल्या आणि हात झटकत म्हणाला, “राहू द्या थोडे दिवस. कणी टाका, पाणी ठेवा. कोंबडीला अजून काय लागतं?”

कोंबडीला काय लागतं हे मला माहीत नव्हतं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. बुवापाड्यात वाढलो. तिथे शेजाऱ्यांच्या कोंबड्या दारात फिरायच्या, पण आमची एकही नव्हती. वडिलांना घाण आवडत नसे. आई बारवीकडच्या एका पाड्यातली. तिच्या माहेरी कोंबड्या होत्या, पण लग्नानंतर तिने तो विषय काढलेला मला आठवत नाही. वडिलांचा दम वाढला तेव्हा दोघांना मी खरवईला माझ्याकडे आणलं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत अरुंद पट्टी आहे, तिथे सांडपाण्याचा पाइप, एक कढीपत्त्याचं झाड आणि जुन्या खिडकीची चौकट पडलेली असते. आता तिथे तीन कोंबड्या होत्या.

इथे एक सांगून टाकतो, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. वडील गेल्याचं मला काही वाटलं नव्हतं. अग्नी दिला, खांद्यावर मडकं घेऊन फिरलो, डोकं भादरून घेतलं. सगळं नीट केलं. रडू आलं नाही. माणसं म्हणाली, धक्का बसलाय, मागाहून येईल. मागाहूनही आलं नाही. वडिलांशी माझं भांडण नव्हतं. त्यांनी मला कधी मारलं नाही, मी त्यांना कधी उलटून बोललो नाही. पण दात काढायच्या आधी सुई देतात तेव्हा गाल कसा होतो, आपलाच असतो आणि चिमटा काढला तरी कळत नाही, तसा मी होतो. आई ते बघत होती. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं असं मला रोज वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी उचलली. कोंबड्या पळतील म्हणून दार लावून घेतलं होतं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. पाटी जेवढ्या गोलात होती तेवढ्याच गोलात तिघी उभ्या राहिल्या. एकीच्या मानेवर पिसं नव्हती, लाल कातडी दिसत होती. एकीचा तुरा फिकट होता आणि डोळ्यावर पडला होता. तिसरीचं असं काही लक्षात राहिलं नाही, आणि याचंही मला नंतर वाईट वाटलं, कारण तीच आधी गेली.

मी फरशीवर कणी पसरली. तिघींची डोकी खाली-वर होऊ लागली. टक टक आवाज येत होता. मी म्हटलं, चला, खातात. आणि कामावर गेलो. रोज असंच चाललं. संध्याकाळी यायचो तेव्हा फरशीवर कणी उरलेली असायची. मला वाटायचं, पोट भरलं असेल. मग एका संध्याकाळी तिसरी उठलीच नाही. उचलली तर हाताला वजन लागेना, नुसतं छातीचं हाड लागलं, सुरीसारखं. भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये खड्डा करून मी तिला पुरलं. पुरताना मनात काही आलं नाही. फक्त माती ओली आहे आणि खोरं बोथट आहे एवढंच जाणवलं.

परत आलो तर आई मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. वडील गेल्यापासून ती खोलीबाहेर फारशी आली नव्हती.

“मेली ना?” ती म्हणाली.

“हो.”

“तिची चोच बघितलीस काय?”

“नाही.”

“आण एक इकडं.”

मी बिनपिसांच्या मानेवालीला धरून आणलं. आईने ती मांडीवर घेतली, एका हाताने पंख दाबून धरले आणि दुसऱ्या हाताचं बोट चोचीखाली ठेवून मला दाखवलं. वरची चोच पुढे नव्हतीच. आखूड होती, बोथट, खिळ्याचं टोक छाटल्यासारखी.

“अंड्याच्या फार्मातल्या हायत ह्या,” आई म्हणाली. “पिंजऱ्यात कोंबून ठेवतात. एकमेकींना टोचतात म्हणून लहानपणीच चोच कापतात. अंडी कमी झाली की टेम्पोत घालून विकतात. माझ्या भावाच्या गावाला असल्या फार्म हायत. फरशीवरचा दाणा हिला उचलतच नाय. नुसती टोचत व्हती. तुला वाटलं खाते.”

मी फरशीवर उरलेली कणी हाताने गोळा करू लागलो.

“खोल भांडं घे. कणी भिजव. तोंड बुडलं पायजे.”

जुनं कुकरचं भांडं आणलं, त्यात भिजवलेली कणी घातली. बिनपिसांची मान त्यात बुडाली ती बराच वेळ वर आली नाही. दुसरी धावत आली. आपणहून ती पहिल्यांदाच त्या गोलाबाहेर पडत होती.

“म्हणजे गावठी नाहीतच,” मी म्हटलं.

“नायत. तुझा मेव्हणा फसला.” आईच्या तोंडावर काहीतरी हललं. “माझ्या नवऱ्याच्या तिखटाला कोंबडी मिळाली, ती पण रिटायर झालेली.”

मला वाटलं, ही संधी आहे. “मग ह्या नकोच आई. जेवणाच्या वेळी चांगल्या आणू.”

“तसं चालत नाय,” ती म्हणाली. हसू गेलं होतं. “ह्यांच्या नावानं दारात आल्यात. आता ह्याच. आणि ते जेवण झाल्याबिगर मी तिखट तोंडाला लावायची नाय.”

आईच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा मला पुरता कळला नाही. आईचं सगळं जेवणच सुक्या मासळीवर होतं. भाताबरोबर भाजलेला बोंबील किंवा जवळ्याची चटणी नसली तर तिला घास गिळवत नसे. आता तेवढं बंद झाल्यावर ती वरणभात कालवायची, दोन घास खायची, बाकीचा ताटात इकडून तिकडे करायची आणि उठायची. दुसरं सुतक सरलं. तिखट जेवण तेव्हाच उरकायला हवं होतं. मेहुण्याला एक फोन करायचा, एवढंच काम होतं. मी तो केला नाही.

कारण संध्याकाळी मला त्या दोघींना उचलून खुराड्यात ठेवावं लागायचं. खुराडं मी जुनी खिडकीची चौकट आणि फळ्या जोडून केलं होतं. दिवस मावळला की कोंबड्या आपापल्या खुराड्यात शिरतात असं ऐकलं होतं. ह्या शिरत नसत. पिंजऱ्यात आयुष्य गेलेलं, त्यांना आत जाणं बाहेर येणं माहीतच नव्हतं. अंधार पडला की होत्या तिथे बसायच्या, पाऊस असला तर पावसात. मग मी कंपनीतून आलो की पायातले बूट काढायच्या आधी मागे जायचो आणि एकेकीला दोन्ही हातांत धरून आत ठेवायचो. पंखाखाली कोंबडी किती गरम असते हे मला तोवर माहीत नव्हतं. बोटं तिथे गेली की आत काहीतरी भराभर धडधडायचं. दिवसभरात माझ्या हाताला जे काही लागायचं, फाइल, कुलूप, रिक्षाची दांडी, त्यातलं एवढंच मला कळायचं. ह्याला मी प्रेम म्हणणार नाही. तो शब्द माझ्याकडे तेव्हा नव्हता. हात तेवढा जागा व्हायचा.

पुढे पुढे मी उलट्या बादलीवर बसू लागलो. तुरा पडलेली येऊन माझ्या पावलांवर बसायची. बिनपिसांची शर्टाचं बटण ओढायची, ते निघत नाही हे कळूनही रोज ओढायची. मी खाली वाकलो की ती पंख थोडे पसरून जमिनीला चिकटायची. मला वाटलं मला घाबरते. आईने खिडकीतून सांगितलं, “घाबरत नाय. तुला कोंबडा समजते.” आतून बायको हसलेली ऐकू आली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं.

आषाढ संपत आला तेव्हा मेहुण्याचा फोन आला.

“भाऊजी, ह्या रविवारी उरकून टाकू. मग श्रावण लागेल, लटकेल सगळं.”

“आईला ताप आहे,” मी म्हटलं.

आईला ताप नव्हता. आईने विचारलं तेव्हा म्हटलं, मेहुण्याच्या कारखान्यात ऑर्डर आहे, त्याला रविवारीही सुट्टी नाही. आईने मान हलवली. ती त्या वेळी भिंतीला हात लावून चालायला लागली होती. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं, रक्त कमी आहे, अंडी द्या, मासे द्या, ह्या वयात नुसत्या वरणभातावर नाही भागत. मी ते ऐकून घेतलं होतं, मान डोलावली होती, आणि घरी येऊन कोंबड्यांना भिजवलेली कणी घातली होती.

बायकोने तो फोनही ऐकला होता आणि आईला सांगितलेलंही. रात्रीची भांडी आवरताना ती म्हणाली, “आई की कोंबडी, एकदा ठरवा. माझ्या भावाच्या नावावर खोटं खपवू नका.”

“श्रावण झाला की करू.”

“श्रावण सरेपर्यंत त्या काय खाणार?”

मला क्षणभर वाटलं ती कोंबड्यांबद्दल विचारते आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

श्रावणात कापाकापी नाही, त्यामुळे महिनाभर मला खोटं बोलावं लागलं नाही. तो महिना बरा गेला असं लिहायची मला लाज वाटते, पण बरा गेला. बिनपिसांच्या मानेवर बारीक काड्यांसारखी पिसं फुटली. तुरा लाल झाला. दोघी आता माती उकरायला शिकल्या होत्या, कढीपत्त्याच्या बुंध्याशी खड्डे करून त्यात अंग घोळवायच्या. एका सकाळी खुराड्यात अंडं होतं. मोठं, तपकिरी, एका टोकाला खरखरीत. ते मी आईच्या खोलीत नेलं आणि तिच्या हातात ठेवलं.

“श्रावण झाल्यावर उकडून देतो,” मी म्हटलं. “डॉक्टरांनी सांगितलंय. अंडं म्हणजे काही कोंबडी नव्हे.”

“तिखटच ते.” तिने अंडं कानाशी हलवून बघितलं आणि परत दिलं. “आधी ह्यांचं जेवण.”

पुढे दोघी अंडी देऊ लागल्या. घरात कोणी खात नव्हतं, म्हणून अंडी मी वॉचमनला द्यायचो. आईच्या खोलीच्या खिडकीतून खुराडं समोर दिसतं. सकाळी मी अंडं काढताना ती खिडकीत असायची. एकमेकांकडे बघायचो आम्ही, बोलायचो नाही. मी तिच्या डोळ्यांदेखत ती अंडी गेटवर घेऊन जायचो.

श्रावण संपला. गणपती आले आणि गेले. सुतकामुळे आमच्याकडे बसवला नव्हता. मेहुण्याने फोन करायचं सोडलं होतं, मी करत नव्हतो. कोंबड्यांची पिसं पुन्हा गळू लागली, पट्टीभर तपकिरी पिसं उडायची, आणि अंडी बंद झाली. पिसं झडताना अंडी थांबतात, असं आईच म्हणाली.

मग एका सकाळी मी कामावर निघत होतो तेव्हा न्हाणीतून भांडं पडल्याचा आवाज आला. आई न्हाणीत खाली बसली होती. पडले नाय, बसले, असं ती म्हणत होती. तिला उचलायला मी दोन्ही हात तिच्या काखेत घातले. मी तिला असं शेवटचं कधी धरलं होतं मला आठवत नाही. ती सहज उचलली गेली. कोणीही माणूस इतक्या सहज उचलला जाऊ नये.

मी कामावर गेलो नाही. दुपारी मेहुण्याला फोन केला.

“ह्या रविवारी ये,” मी म्हटलं. “पितृपंधरवडा लागायच्या आधी होऊन जाऊ दे.”

“मावशींचा ताप गेला?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

रविवारी तो सुरी घेऊन आला. भावकीतली थोडी माणसं पुढच्या खोलीत टीव्ही लावून बसली. बायकोने मोठ्या टोपात पाणी तापत ठेवलं, पिसं काढायला. कोंबड्या मीच आणतो असं मी म्हटलं. दुसऱ्या कोणी धरलं असतं तर त्यांनी पंख आपटले असते. मला बघून बिनपिसांची खाली चिकटली, तशीच उचलली. दुसरी आपणहून पायाशी आली. दोघींना दोन काखांत घेऊन मी पायरीपाशी आलो. मेहुण्याने हात पुढे केला. आई पायरीवर काठी घेऊन बसली होती.

“थांब,” ती म्हणाली. “आधी मला बघू दे.”

तिने एकेकीला मांडीवर घेतलं, शेपटीखाली दोन हाडांच्या मध्ये बोटं ठेवली, थोडा वेळ दाबून बघितलं.

“ही अंड्यावर हाय,” ती म्हणाली. मग दुसरीला बघून, “ही पण.”

“मग?” मेहुणा म्हणाला.

“मग काय. अंड्यावरची कोंबडी तिखटाला कापत नायत.”

“मावशी, तिची पिसं बघा कशी झडलीत. ही कुठली अंड्यावर?”

“तू गावठी ओळखलीस, तशीच अंड्यावरची पण ओळखणार काय?”

मेहुण्याने सुरी पायरीवर ठेवली. बायकोने माझ्याकडे बघितलं. घरात कित्येक दिवस अंडं आलेलं नव्हतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि खिडकीत बसणाऱ्या आईला सगळ्यांत जास्त माहीत होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आई, नको, तू तुझा शब्द मोडू नकोस, कापू दे, असं म्हणायला हवं होतं. माझी जीभ उचलली नाही. माझ्या काखा अजून गरम होत्या.

एवढंच म्हणालो, “आई, ह्या बाबांच्या नावानं आल्या होत्या.”

“मी सांगन त्यांना,” ती म्हणाली. कोंबडीला तिने खाली सोडलं आणि साडीवरची पिसं झटकली. मेहुण्याला म्हणाली, “नाक्यावर दुकान हाय ना? जा. पाणी उकळून आटतंय.”

तो गेला आणि दुकानातून साफ करून तुकडे केलेली कोंबडी घेऊन आला. टोपातलं गरम पाणी बायकोने मोरीत ओतून दिलं. रस्सा झाला. पंगत बसली. आधी वडिलांच्या नावाचं पान वाढून बाजूला ठेवलं. आई त्या पानाकडे बराच वेळ बघत होती, ओठ हलत होते. काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही. ज्या गोष्टीसाठी ती इतके महिने उपाशी राहिली ती तिने माझ्यासाठी सोडून दिली होती, आणि आता त्याचा जाबही तीच देत होती. मी तिच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. पलीकडे भावकीतलं कोणीतरी म्हणालं, घ्या, सुरू करा.

आईने भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. आम्ही सगळे हात थांबवून बघत होतो. तिने गिळलं. मग दुसरा तुकडा मोडला.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

मी उठलो आणि मीठ आणलं.